जांभळ्या पाण्याचा माग

"आता बघच, कसली हाणतो!" असं म्हणून निशांतने पळत येऊन लाथ मारली. ती चेंडूला लागली हेच नशीब! चेंडू गोलाच्या आसपाससुद्धा फिरकला नाही. फुटपाथवरून टप्पा खात तो रस्त्यावर उतरला, कोपऱ्यावरच्या लाल-पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बॅरिकेडवर आदळला आणि ते कमरेएवढं धूड वीतभर मागे सरकलं.

"बघितली किक? बॅरिकेड हललं, बॅरिकेड!"

"तुझ्या किकने?" सोनल खो खो हसत सुटली. "तुझ्या किकने कोंबडी हलत नाही रे! खाडीवरून वारा आला असेल."

उन्नती मात्र हसली नाही. ती त्या सरकलेल्या बॅरिकेडकडेच बघत राहिली.

सारसोळ्याच्या त्या कोपऱ्याशी तिचं जुनं वैर होतं. जेट्टीकडून बाजाराकडे जाणारा रस्ता तिथे डावीकडे वळायचा, आणि ते वळण इतकं ऐसपैस की गाडीवाले वेग कमी करायची तसदीच घ्यायचे नाहीत. गेल्या वर्षी अशाच एका गाडीने उन्नतीच्या आजीला उडवलं. आजीचं नाव यशोदाबाई, पण घरात आणि सगळ्या कोळीवाड्यात तिला बय म्हणतात. बयचा पाय मोडला. हाड जुळलं, लंगडणं राहिलं. आणि लंगडत का होईना, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बय अजून त्याच कोपऱ्यावरून बाजाराला जात होती.

म्हणून तर उन्हाळ्याची सुट्टी लागता लागता तिथे प्रयोग सुरू झाला, तेव्हा उन्नतीइतका आनंद कोणाला झाला नसेल. रस्ते सुरक्षित कसे करायचे याचं शिक्षण घेतलेल्या सुनयना मॅडम आल्या. त्यांनी पोरांना समजावून सांगितलं होतं, "आधी सिमेंट ओतायचं आणि मग चुकलं म्हणून फोडायचं, असं आपण नाही करायचं. रंग आणि बॅरिकेड लावून रस्ता तात्पुरता बदलून बघायचा. वळण अरुंद झालं की गाड्या आपोआप हळू होतात. जमलं तर पक्कं बांधायचं, नाही तर काढून टाकायचं!"

मग कोपऱ्याचा मोठा तुकडा गाड्यांकडून काढून पायी चालणाऱ्यांना दिला. त्याच्या कडेने बॅरिकेडची रांग लागली. आतल्या डांबरावर शाळेच्या मुलांनी चित्रं रंगवली. उन्नतीने काढला एक भला मोठा निळा पापलेट, शेपूट रस्त्याकडे आणि डोळा फुटपाथकडे. रस्ता ओलांडण्याआधी बय नेमकी त्या डोळ्यावर उभी राहायची. "यो माजा पाट," म्हणायची.

उन्नती बॅरिकेडजवळ गेली आणि तिने बोटाने टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

"यात पाणी भरलेलं असतं ना? मॅडम म्हणाल्या होत्या, भरलं की चौघांना हलत नाही."

सोनलचं हसू थांबलं. तिने पुढचं वाजवलं, त्याच्या पुढचं वाजवलं. "अगं, सगळी रिकामी आहेत!"

"आणि हे बघा," उन्नती खाली बोट दाखवत म्हणाली. पापलेटच्या शेपटीवरून टायरचा काळाकुट्ट पट्टा गेला होता. बॅरिकेड आत सरकली होती, आणि त्यांच्यामागून गाड्याही आत आल्या होत्या.

"कोणीतरी मुद्दाम पाणी काढतंय," निशांतचे डोळे विस्फारले. "तो जो कोणी हरामखोर असेल ना, त्याला मी सोडणार नाही! माझ्या हातून सुटतच नाही तो!"

"पण काढेल कशाला?" सोनलने विचारलं.

उन्नतीला उत्तर सुचलं होतं, पण ते तोंडातून काढायला धीर होईना. या कोपऱ्यावर पुन्हा माणूस उडालेला ज्याला चालेल, असाच कोणीतरी असणार!

सुनयना मॅडमचा नंबर तिथल्या फलकावर होता. सोनलच्या आईच्या फोनवरून फोन केला, तशा मॅडम दुपारीच आल्या. त्यांनी बॅरिकेड वाजवून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गळत असतील. उन्हाने प्लॅस्टिकला चिरा जातात."

"मॅडम, गळलं असतं तर रस्ता ओला दिसला असता," उन्नती म्हणाली.

"अगं, या उन्हात वाळायला कितीसा वेळ लागतो? टँकर सांगते मी, गुरुवारी येईल." मोठ्या माणसांना उत्तर घाईने सापडलं की ती प्रश्न विचारायचं सोडून देतात, त्यातलीच ही गत! जाता जाता मात्र त्यांचा आवाज उतरला. "शनिवारी अधिकारी आणि इथले लोक जमणार आहेत. प्रयोग ठेवायचा की गुंडाळायचा, ते तेव्हा ठरेल. बॅरिकेड अशी हलताना दिसली तर ते म्हणतील, यानेच अपघात होईल. आणि खरंच होईल, उन्नती. आजींना सांग, भरेपर्यंत तिथे उभ्या राहू नका."

उन्नतीने सांगितलं. पण ऐकेल तर ती बय कसली?

"जल्ला, कवा नाय ती उभं राहायला जागा गावली, नि तू बोलतंस नको? यवरा मोठा डबा हाय पुढं. त्यो आडवंल ना गाडीला!"

उन्नतीला रडूच यायचं बाकी राहिलं. पूर्वी बय त्या कोपऱ्यावर जीव मुठीत धरून उभी राहायची, चारी बाजूंना बघायची. आता ती बिनधास्त उभी राहत होती, आणि तीसुद्धा एका पोकळ डब्याच्या भरवशावर!

संशय घ्यायला माणूस शोधावा लागला नाही. कोपऱ्यावरच केतनशेठचं वाळू-विटांचं दुकान होतं. त्यांच्या आजोबांची इथे भातशेती होती. आता टेंपो होते. प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी गळा काढला होता, "माजं टेंपो वळतील कसं? चार दिवसांत यं डबं उडालं नाय तर नाव बदलीन!"

"तोच तो!" निशांतने निकाल देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तिघं दुकानामागच्या वाळूच्या ढिगाआड लपली. तापलेली वाळू पायांना चटके देत होती. केतनशेठ फोनवर बोलत होते, आणि तिघांनी कान टवकारले.

"शनिवार येव दे. शनिवारी कं करायचं त्ये मी बगतू."

सोनलने उन्नतीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात शेठचाच एक टेंपो वळणावर आला. समोर रिक्षा आडवी होती. ड्रायव्हरने जरासुद्धा न थांबता बंपरने बॅरिकेड हळूच बाजूला सारलं आणि पापलेटच्या पोटावरून गाडी काढली. अगदी सहज, दाराआडची चप्पल पायाने सारावी तसं!

केतनशेठ फोन टाकून बाहेर धावले. आता त्याला शाबासकी देणार, असं पोरांना वाटलं. शेठनी टेंपोच्या पत्र्यावर थाडकन हात मारला.

"येरा हायस का रं? तिथं बाया-पोरं उभी रातान! वळसा घालून यायला कं झालं तुला?"

ढिगाआडून तीन डोकी एकदम वर आली. शेठनी ती पाहिली. "नि तुमी कं करताव रं तिथं? माजी वाळू मोजताव?"

निशांतने चाचरत सगळं सांगितलं. शेठ आधी लाल झाले, मग हसले. "आरं, शनिवारी मी बोलनार हाय, का डबं ठेवा, पन माल उतरवाला मना जागा द्या. डबं उडवीन बोललू व्हतू, त्यो राग व्हता. राग नि खून यात कय फरक हाय का नाय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! तिघं मान खाली घालून परतली. बुधवारी ती कोपऱ्यावर नुसती बसून राहिली, आणि त्यांना जे दिसलं त्याने उन्नती जास्तच घाबरली. बॅरिकेड ढकलणारा कोणी एकटा नव्हता. एक गाडी थोडं सारायची, दुसरी आणखी थोडं, उरलेलं खाडीवरचा वारा करायचा. आडवा डबा हलतो हे एकदा कळलं की थांबतो कोण? प्रत्येकाचा गुन्हा बोटभर होता, म्हणून तो कोणाचाच नव्हता. आणि टायरचे पट्टे पापलेटच्या पोटावरून डोळ्याकडे चालले होते.

"गाड्या नंतर," उन्नती म्हणाली. "आधी पाणी. पाणी असतं तर यातलं काहीच झालं नसतं. पाणी कोण काढतं?"

"पहारा देऊ!" निशांत म्हणाला.

"आणि डुलकी लागली तर? पहारा द्यायचाच, पण मी दुसरं पण काहीतरी करणार आहे."

गुरुवारी टँकर आला आणि बॅरिकेड काठोकाठ भरून गेला. टँकर वळला न वळला तोच उन्नतीने घरून आणलेली पिशवी काढली. शिमग्याचा उरलेला जांभळा रंग! हा रंग एकदा लागला की आठवडाभर कोणाच्या बापाला जात नाही, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. वरची झाकणं उघडून तिने प्रत्येक बॅरिकेडमध्ये मूठ मूठ रंग सोडला.

"पाणी काढेल, त्याचे हात सांगतील!" ती म्हणाली.

"सॉलिड!" निशांतने टाळी दिली. "उद्या जांभळ्या हाताचा माणूस दिसला की मी त्याची कॉलरच धरणार!"

शुक्रवारी सकाळपासून तिघं निशांतच्या चंद्रकळा सोसायटीच्या फाटकाशी बसली. सोसायटीची भिंत कोपऱ्याला लागूनच होती. ऊन चढलं, तशी माणसं दिसेनाशी झाली. कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरली. मग सोनलला जेवायला हाक आली, निशांतच्या पोटात कावळे ओरडू लागले, आणि घरची होडी मासळी घेऊन आली म्हणून उन्नतीलाही घरी जावं लागलं. माशी शिंकली ती तिथेच!

मासळी निवडून, दोन घास खाऊन ती धावतच परत आली. बॅरिकेड जागच्या जागी होती. लाल-पांढरी, शहाण्यासारखी ओळीत उभी. उन्नतीने श्वास रोखून बोटाने वाजवलं.

ढब्!

पुन्हा तोच पोकळ आवाज! रस्त्यावर ओलाव्याचा ठिपकासुद्धा नव्हता, आणि जांभळा डाग तर कुठेच नव्हता. भरदुपारी, रस्त्याच्या मधोमध, एवढं पाणी कोणीतरी प्यायल्यासारखं नाहीसं झालं होतं.

निशांत आणि सोनलही आली. त्यांनी एकेक बॅरिकेड वाजवून पाहिलं.

"पाणी हवेत जात नाही," शेवटी उन्नती स्वतःशीच म्हणाली. "कुठेतरी गेलं असणारच."

तिने चहूकडे नजर फिरवली. मे महिन्यात सगळीकडे धूळच धूळ. दुभाजकावरची झुडपं करपलेली, गवत पिवळं पडलेलं. फक्त सोसायटीच्या भिंतीवरून डोकावणारी जास्वंद मात्र टवटवीत होती, लालभडक फुलांनी लगडलेली! नळाला पाणी जेमतेम येत असताना हिला कोण पाजतंय?

ती फाटकातून आत धावली. जास्वंदीची आळी ओलीचिंब होती, आणि आळ्यांतला चिखल होता जांभळा. शेजारी पाइपचं वेटोळं पडलं होतं. त्याच्या तोंडातून अजून एकेक जांभळा थेंब गळत होता.

"सापडला!" सोनल ओरडली. "निशांत, ही झाडं कोणाची आहेत?"

निशांत त्या पाइपकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं.

"आमच्या आजोबांची," तो पुटपुटला.

आजोबा म्हणजे बाबासो, सोसायटीचे सेक्रेटरी. मूळचे सांगलीकडचे, बोलायला करडे आणि कामाला वाघ. तळमजल्यावरच्या घराचं दार उघडंच होतं. आजोबा बेसिनपाशी उभे राहून साबणाने हात घासत होते. त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे होते.

"निशांत, ह्यो कसला रंग म्हणायचा रं? जाता जात न्हाई!"

कॉलर धरायची भाषा करणारा निशांत दारातच थिजला. उन्नतीनेच विचारलं, "आजोबा, बॅरिकेडमधलं पाणी तुम्ही काढलंत?"

"काढलं की! आज शुक्रवार, कोरडा दिवस न्हवं का?"

कोरडा दिवस सगळ्यांनाच ठाऊक होता. आठवड्यातून एकदा घरातलं साठवलेलं पाणी ओतून भांडी घासून वाळवायची, म्हणजे डासांची अंडी मरतात. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने निशांत मरता मरता वाचला होता. तेव्हापासून आजोबांनी सोसायटीत कोरडा दिवस कधी चुकू दिला नव्हता. पिंप, कुंड्या, कूलर, काही म्हणून सुटत नसे.

"त्या डब्यांत अळ्या वळवळत हुत्या, माझ्या डोळ्यांनी बघितल्या मी! मग दर शुक्रवारी बघतो, पाणी दिसलं की पाइप लावून झाडांना सोडतो. पाणी वाया कशाला घालवायचं? बूच परत लावतो, काम कसं चोख!"

"पण कोणाला सांगितलं का नाही, आजोबा?" निशांतचा आवाज रडवेला झाला होता.

"चांगल्या कामाला सांगायचं काय त्यात?"

"अहो, ते पाणी म्हणजे वजन होतं!" उन्नती ओरडली. "त्या पाण्यानेच गाड्या अडत होत्या! तिथे माझी बय उभी..."

ती बोलता बोलता थबकली. शुक्रवार! मासळी खाणाऱ्यांचा वार. आज बय पाटी भरून संध्याकाळच्या बाजाराला निघणार होती. उन्हं कलली होती, म्हणजे निघालीच असणार! उन्नती वळली आणि जिवाच्या आकांताने पळत सुटली.

बय पापलेटच्या डोळ्यावर उभी होती. डोक्यावर पाटी, एक हात बॅरिकेडवर टेकलेला. आणि वळणावर एक ट्रक येत होता. कोणाच्या तरी हळदीच्या मंडपाचे लांबलचक बांबू त्यात लादले होते. ड्रायव्हरने वळण आखूड घेतलं. ट्रकचं तोंड पुढे गेलं, पण मागची चाकं आत आत येऊ लागली.

"बय! मागं हो! मागं!"

बयने वळून पाहिलं आणि ती हसली. "कनाला वरडतंस? डबा हाय ना!" असं म्हणून तिने बॅरिकेड थोपटलं.

उन्नतीने उडीच घेतली. पाटी उडाली, दोघी फुटपाथवर कोसळल्या, आणि त्याच क्षणी कचकन आवाज झाला. बॅरिकेड रिकाम्या खोक्यासारखं उंच उडालं. ट्रकचं मागचं चाक पापलेटच्या डोळ्यावरून, बयच्या पाटीवरून, हलव्या-सुरमईवरून फिरलं आणि मग थांबलं.

उन्नतीने बयला इतकं घट्ट धरलं होतं की सोनलला तिचे हात सोडवावे लागले. बयचा गुडघा खरचटला होता. ती चेपलेल्या पाटीकडे बघत होती.

माणसं जमली, ड्रायव्हरवर तुटून पडली. "डब्यात पाणीच नाही!" कोणीतरी ओरडलं. "कोणी काढलं?"

"मी काढलं."

गर्दी बाजूला झाली. निशांतने आजोबांना हात धरून आणलं होतं. त्याचे गाल ओले होते, पण त्याने हात सोडला नव्हता. आजोबांनी आपले जांभळे हात सगळ्यांसमोर धरले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण हा मारुती माणसाच्या जिवावर उठला होता.

बय लंगडत पुढे आली. तिने त्या हातांकडे पाहिलं, मग चाकाखालच्या पाटीकडे.

"मच्छर मारायला गेलास, नि मानूस मारीत व्हतास रं दादा," ती म्हणाली.

आजोबांनी मान खाली घातली. करड्या बाबासोंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं निशांतने पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे उद्या सगळं गुंडाळणार," बातमी कळताच धावत आलेल्या सुनयना मॅडम मट्कन फुटपाथवर बसल्या. "पाणी भरलं तर डास, नाही भरलं तर हे असं."

उन्नतीचं लक्ष केतनशेठच्या दुकानाकडे गेलं. तापलेल्या ढिगाचा चटका तिच्या तळपायांना अजून आठवत होता.

"आजोबा, वाळूत डास होतात का हो?"

आजोबांनी डोळे पुसले. "कोरड्या वाळूत? न्हाई बा."

"मग पाणी कशाला? वाळू भरू या ना!"

"आगं माजी बाय ती!" केतनशेठ गरजले. "कवरी पायजे तवरी न्या! पोरांनो, घमेली उचला!"

आणि मग काय विचारता! नरसाळी आली, पोरं आली, कोळणी आल्या. सगळ्यात जास्त घमेली वाहिली ती जांभळ्या हातांच्या आजोबांनी. कोणी "बसा जरा" म्हटलं तरी ते बसले नाहीत.

शनिवारी कोपऱ्यावर हीऽ गर्दी! आजोबांनी आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली. सुनयना मॅडमही उठून म्हणाल्या, "पाणी गळत नाही, हे या मुलीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, ती चूक माझी." मग झुपकेदार मिशांचे एक अधिकारी पुढे झाले आणि त्यांनी बॅरिकेडला खांदा लावून पाहिला. ते तसूभर हललं नाही.

"प्रयोग म्हणजे हेच!" ते म्हणाले. "सिमेंट ओतायच्या आधी चुका दिसायला हव्यात. त्या आम्हा मोठ्यांना दिसल्या नाहीत, या तिघांना दिसल्या. हा कोपरा असाच राहील, आणि पावसाळा संपला की पक्का बांधू. माल उतरवायच्या जागेचंही बघू, शेठ. शाबास रे पोरांनो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. निशांतला तेवढ्याने चेव आला. "आता बघा!" म्हणत त्याने पळत येऊन चेंडूला लाथ हाणली. चेंडू बॅरिकेडवर आदळला आणि तस्साच उलटा येऊन त्याच्या पोटात बसला. हसून हसून सोनलची पुरेवाट झाली.

संध्याकाळी बय नवी पाटी घेऊन निघाली. पापलेटचा डोळा उन्नतीने पुन्हा रंगवला होता. बय त्यावर लगेच उभी राहिली नाही. आधी तिने बॅरिकेडवर बोटाने ठकठक केलं आणि कान देऊन ऐकलं. आतून पोकळ आवाज आला नाही.

"आता हाय भरलेला," ती म्हणाली. मग उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि तेव्हाच तिने आपल्या पाटावर पाय ठेवला.